डॉक्टर, झोपेबद्दल विचाराल तेव्हा पाळीबद्दलही विचारा

आदरणीय डॉक्टर,

हे पत्र कुणा एका डॉक्टरांना लिहिलेलं नाही. चाळिशी-पन्नाशीतली बाई "झोपच लागत नाही हो" म्हणत ज्यांच्याकडे सगळ्यात आधी येते, त्या सर्व फॅमिली डॉक्टरांना ते आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आम्ही पुष्कळ उशिरा जातो. झोपेच्या आजारांसाठी वेगळे डॉक्टर असतात, हे तर आमच्यातल्या कित्येकींच्या गावीही नसतं. त्यामुळे पहिली पायरी तुमचीच. त्या पायरीवर एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तो राहिला म्हणून माझी अडीच वर्षं गेली.

मी ४६ वर्षांची होते. पाळी येत होती, पण पुढेमागे. कधी २४ दिवसांनी, कधी ४० दिवसांनी. झोपायला काही त्रास नव्हता, आडवी झाले की डोळा लागायचा. मोडायची ती मधली झोप. तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, घरी काही टेन्शन आहे का विचारलं. "वय वाढलं की झोप कमी होतेच," म्हणाले आणि रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. भले गृहस्थ. माझं ऐकून घेतलं नाही असं मी म्हणणार नाही. पण पाळी कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही, कारण झोपेचा आणि पाळीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात येणार कुठून?

माझी रात्र कशी असायची ते सांगते, कारण "झोप लागत नाही" या तीन शब्दांत ती मावत नाही. साडेअकराला झोपायचं. एकच्या सुमारास खाडकन जाग. स्वप्न नाही, आवाज नाही. क्षणभर काहीच नाही, नुसती छातीत धडधड. मग छातीच्या मधोमध एक ऊब सुरू व्हायची, ती गळ्यापर्यंत, कानांच्या पाळ्यांपर्यंत चढायची. पांघरूण लाथाडायचं. दोन-तीन मिनिटांत मानेमागे, स्तनांखाली, गुडघ्यांच्या खोबणीत घाम. आणि तो घाम सुकायच्या आत थंडी. ओला गाऊन पाठीला चिकटलेला, आणि मी तेच पांघरूण परत चाचपडत ओढून घेतेय. पुढे पुढे मी उशाशी कोरडा गाऊन घडी करून ठेवायला लागले, म्हणजे अंधारात कपाट उघडावं लागू नये. साडेतीनला पुन्हा जाग. या वेळी घाम नाही, काही नाही. फक्त टक्क डोळे उघडे आणि उद्याच्या सगळ्या कामांची रांग.

गोळीने काय झालं? एकची जाग गेली नाही, ती गुंगीत यायला लागली. अंग भिजायचंच, पण गाऊन बदलायला उठायचं त्राण नसायचं. सकाळी अकरापर्यंत डोकं जड. माझं काम हिशेब तपासण्याचं. एकच ओळ चार-चारदा वाचायची आणि तरी आकडा डोक्यात शिरायचा नाही. दुसऱ्या वर्षी एकदा रात्री न्हाणीघरात जाताना तोल गेला आणि मनगटाचं हाड मोडलं. तेव्हा केलेल्या तपासणीत हाडांची घनता कमी निघाली. पाळी जाण्याच्या काळात हाडं वेगाने ठिसूळ होऊ लागतात, आणि त्याच काळात आमच्या हातात तोल घालवणारी गोळी दिली जाते. या दोन गोष्टी एकाच बाईच्या शरीरात एकत्र येतात हे मला प्लास्टर लागल्यावर कळलं. तुम्हाला ते आधीपासून ठाऊक आहे, म्हणून तर हे पत्र तुम्हाला.

नंतर दुसऱ्याच कारणासाठी मी एका वेगळ्या डॉक्टरांकडे गेले. त्या माझी जुनी चिठ्ठी वाचत होत्या. गोळीचं नाव वाचून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "पाळी कशी आहे?" मग, "रात्री किती वाजता जाग येते? घाम येतो?" तीन प्रश्न. त्यांनी मला एक वही ठेवायला सांगितली: जाग किती वाजता आली, घाम होता की नव्हता, परत झोप लागायला किती वेळ गेला, आणि पाळीचा कितवा दिवस. सहा आठवड्यांत त्या वहीने जे दाखवलं ते अडीच वर्षांच्या गोळीने झाकून ठेवलं होतं. सगळ्यात वाईट रात्री पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत होत्या. एकची जाग बहुतेक वेळा घामाची, साडेतीनची जवळजवळ कधीच नाही. माझे आजार एक नव्हे, दोन होते.

त्यानंतर मी जे वाचलं, त्या डॉक्टरांना विचारून समजून घेतलं, ते तुम्हाला शिकवायचं म्हणून लिहीत नाही. हे सगळं तुमच्या अभ्यासक्रमात कुठे ना कुठे आहेच. मला एवढंच दाखवायचं आहे की हे ज्ञान आणि समोर बसलेली पेशंट यांची गाठ पडत नाही.

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खालीवर होऊ लागलं, घटू लागलं, की तिथल्या काही चेतापेशींवरचा लगाम सुटतो. न्यूरोकायनिन बी हे रसायन वापरणाऱ्या या पेशी पाळी गेलेल्या बायकांमध्ये आकाराने मोठ्या झालेल्या आढळतात. त्यांच्या या जास्तीच्या हालचालीमुळे शरीर थंड ठेवणारी यंत्रणा उगाच चालू होते. एरवी अंगाचं तापमान किंचित वाढलं तर शरीर ते चालवून घेतं. आता तेवढ्याशा वाढीनेही कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम फुटतो. म्हणजे जे मला "वय" म्हणून सांगितलं गेलं, ते मेंदूच्या एका ठरावीक जागी घडत होतं. त्यावर नेमका इलाजही निघाला आहे: याच पेशींची खूण अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्यात हार्मोन नाही. यकृताच्या तपासण्या मात्र त्यासोबत कराव्या लागतात.

दुसरी कडी प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन तयार होतं. ते मेंदूतल्या ज्या गाबा रिसेप्टरवर काम करतं, त्यावरच झोपेच्या पुष्कळशा गोळ्या काम करतात. थोडक्यात, दर महिन्याच्या उत्तरार्धात आमचं शरीर स्वतःच शांतवणारं औषध बनवत असतं. चाळिशीनंतर काही महिन्यांत बीजकोशातून बीज सुटत नाही, त्या महिन्यांत ते बनत नाही. हे पाळी थांबण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. म्हणून "पाळी चालू आहे ना, मग तो विषयच नाही" हे वाक्य फार नुकसान करतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात, ही व्याख्या बरोबर आहे. पण बाईची झोप त्या १२ महिन्यांची वाट पाहत नाही.

रक्ताच्या रिपोर्टबद्दलही हेच. या काळात हार्मोन आज एक तर पुढच्या आठवड्यात भलतंच असतं. एका दिवशीचं एफएसएच, म्हणजे बीजकोशांना चालना देणारं हार्मोन, नॉर्मल आलं म्हणून बाई नॉर्मल ठरत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ सालीच आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की ४५ वर्षांवरच्या बाईला लक्षणं असतील तर रजोनिवृत्तीच्या निदानासाठी ही तपासणी करू नये, लक्षणांवरूनच निदान करावं. म्हणजे लागतो तो प्रश्न. सुई नाही, खर्च नाही.

"हे थोड्या दिवसांचं असतं, निघून जाईल" असंही आम्हाला सांगतात. किती दिवसांचं? अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या 'स्वान' या अभ्यासात तीन हजारांहून जास्त बायकांना वर्षानुवर्षं भेटून माहिती घेतली गेली. २०१५ साली त्यातून आलेला आकडा असा की वारंवार येणाऱ्या वाफा, म्हणजे अंगात अचानक चढणारी ती ऊब, आणि रात्रीचा घाम यांचा मध्यम कालावधी ७.४ वर्षं होता. पाळी अजून नियमित असताना किंवा नुकती पुढेमागे होऊ लागलेली असताना ज्यांना हा त्रास सुरू झाला, त्यांच्यात तो ११.८ वर्षांहूनही जास्त. माझ्यासारख्या बाईला हा आकडा पहिल्याच भेटीत कळला असता, तर मी ते अंगावर काढलं नसतं. महिनाभराचा त्रास माणूस सोसतो. दहा वर्षांचा सोसायचा नसतो.

आता उलट बाजूही लिहिते, कारण सगळं खापर हार्मोनवर फोडून मोकळं होणं हेही तितकंच चुकीचं. जागेची वेळ विचारा म्हणते ती याचसाठी. प्रयोगशाळेत रात्रभर नोंद घेऊन केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की वाफेमुळे जाग येणं हे जास्त करून रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात घडतं. उत्तररात्री स्वप्नांची झोप वाढते, तेव्हा शरीराची तापमान सांभाळण्याची धडपड मंदावलेली असते. मग पहाटेची जाग कशाची? माझ्या बाबतीत ती सवयीची निघाली. महिनोन् महिने जागत पडल्याने अंथरूण आणि जागेपणा यांचीच सांगड बसली होती. दुसऱ्या एखादीच्या बाबतीत ती श्वासाची असेल.

श्वासाचं मुद्दाम लिहिते. प्रोजेस्टेरॉन श्वासाला चालना देतं. ते गेलं की झोपेत श्वास अडकण्याचा धोका, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, वाढतो. तुमच्या डोळ्यांसमोर अ‍ॅप्नियाचा पेशंट म्हणून जाडा, मोठ्याने घोरणारा पुरुष असतो. बाईत तो तसा दिसेलच असं नाही. ती सांगते: झोप मोडते, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर गळून जायला होतं, चिडचिड होते. तिला चिंतेचं किंवा नैराश्याचं औषध मिळतं आणि श्वास तसाच अडकत राहतो. वर झोपेची गोळी दिली तर काही गोळ्यांनी तो आणखी बिघडू शकतो. घोरतेस का, हे तिला विचारून उपयोग नाही, ते तिला माहीत नसतं. सोबत झोपणाऱ्या माणसाला विचारा.

पायांचंही तसंच. संध्याकाळी, अंथरुणावर पडल्यावर पायांत काहीतरी वळवळतंय, ओढतंय, हलवल्याशिवाय चैन नाही, असं सांगणारी बाई नाटक करत नसते. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत कित्येकींना अंगावरून खूप जातं, शरीरातलं लोह संपतं, आणि अस्वस्थ पायांचा हा त्रास लोहाशी जोडलेला आहे. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासावं लागतं. या आजारात ते ७५ पर्यंत असेल तरी लोह द्यायला सांगतात, एरवी तो आकडा नॉर्मल म्हणून सोडून दिला जातो. थायरॉइड आहे, रात्री लघवीला उठणं आहे, मन खचणं आहे. आणि घामासोबत ताप असेल, वजन घटत असेल, गाठ लागत असेल तर तो पाळीचा घाम समजू नये. हे सगळं वेगळं काढता येतं, पण त्यासाठी आधी दोन मिनिटं विचारपूस हवी.

उपचारांबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार ही की आम्हाला पर्याय सांगितलेच जात नाहीत. जुन्या निद्रानाशासाठी पहिला उपचार गोळी नव्हे, झोपेसाठीची वर्तन-उपचार पद्धत आहे. तिला सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली हे स्पष्ट लिहिलं. वाफांचा त्रास असलेल्या बायकांना हाच उपचार फोनवरून देऊन पाहिला, तेव्हाही त्यांची झोप सुधारली. मला तो आठ आठवडे दिला गेला. जाग आली आणि झोप येत नाही असं वाटलं की अंथरुणावरून उठायचं. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवायचं. रात्र कितीही वाईट गेली तरी उठायची वेळ एकच. सुरुवातीला तर अंथरुणावरचा वेळच कमी करायला लावला, साडेपाच तास. पहिले दहा दिवस मी रडकुंडीला आले होते. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी गजर झाला तेव्हा मी झोपेत होते. गजराने जाग येणं ही गोष्ट मी विसरूनच गेले होते.

आणि हार्मोनचा उपचार. तुमच्यातले बरेच जण हा शब्द ऐकताच हात वर करतात, आणि त्याचं कारण मला आता माहीत आहे. २००२ सालच्या जुलैमध्ये वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकन चाचणीतला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवला, स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं म्हणून. बातमी जगभर गेली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे बातमीइतकं दूर गेलं नाही. नंतर वयानुसार आकडे तपासले गेले, आणि आज तज्ज्ञ संस्थांचं म्हणणं असं आहे की वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, वाफांचा त्रास असेल आणि आड येणारा आजार नसेल, तर बहुतेकींत फायदा जोखमीपेक्षा जास्त. आड येणारे आजार खरे आहेत: स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. हा निर्णय जपूनच घ्यायचा. पण तो आमच्याशी बोलून घ्या. मला इस्ट्रोजेनचा पॅच आणि रात्री घ्यायचं प्रोजेस्टेरॉन दिलं, एकची जाग महिन्याभरात विरळ झाली. माझ्या एका मैत्रिणीला स्तनाच्या कर्करोगामुळे ते चालत नव्हतं. तिला बिनहार्मोनचं औषध दिलं, तेही तिच्या टॅमॉक्सिफेन या कर्करोगावरच्या गोळीला अडथळा आणणार नाही असं निवडून. तिलाही झोप मिळाली. प्रत्येकीचा इलाज वेगळा असेल, म्हणून एकच गोळी सगळ्यांना देऊ नका, इतकंच.

ज्यांची पिशवी काढली आहे त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांना पाळीबद्दल विचारलं तर "ती तर कधीच बंद झाली" एवढंच उत्तर मिळतं आणि विषय संपतो. तिथे संपवू नका. बीजकोश ठेवले का काढले, हे विचारा. पुष्कळ जणींना स्वतःला माहीत नसतं, त्यांचे कागद पाहावे लागतात. दोन्ही बीजकोश काढले असतील तर जे हार्मोन उतरायला इतरांना वर्षं लागतात ते तिच्या शरीरात एका दिवसात उतरलेलं असतं, आणि तिच्या रात्री तितक्याच कठीण असतात. बीजकोश राहिले असतील तर तिचा बदल इतरांसारखाच होत असतो, फक्त तो सांगणारी पाळी तिच्याकडे नसते. मग वही हाच आधार.

तुमच्या दवाखान्यात गर्दी असते, मला माहीत आहे. मी स्वतः त्या बाकावर दीड-दीड तास बसले आहे. म्हणून मी मोठ्या तपासण्या मागत नाही. चाळिशी ओलांडलेली बाई झोपेची तक्रार घेऊन आली, की पाळी कशी आहे, जाग किती वाजता येते, घाम असतो का, एवढं विचारा. पाळीच्या तक्रारीसाठी आली, की झोप कशी आहे हे विचारा. ती स्वतःहून बोलणार नाही. घामाबद्दल बोलायची लाज वाटते, आणि झोपेबद्दल तक्रार करणं म्हणजे आळशीपणा असं आम्हाला वाटत आलेलं आहे. तिच्या हातात एक कोरा कागद द्या आणि चार रकाने आखून द्या. ती भरून आणेल, याची खात्री बाळगा.

आणि ज्यांना गोळी आधीच चालू आहे, वर्ष-दोन वर्षं, चार वर्षं, त्या तुमच्याकडे दर महिन्याला फक्त चिठ्ठीवर तारीख घालून घ्यायला येतात. त्यांना बसवून घ्या. गोळी एकदम बंद करू नका. माझी एकदम बंद झाली होती एकदा, दुकानात संपली म्हणून, आणि त्या तीन रात्री मी पापणीला पापणी लावली नाही, हात थरथरत होते. नंतर ती पाव-पाव करत, चार महिन्यांत उतरवली. त्या उतरवण्याच्या काळात डॉक्टर मला दर पंधरा दिवसांनी बोलावत आणि सगळ्यात आधी वही मागत. आज मी ५१ वर्षांची आहे. शेवटची पाळी येऊन १४ महिने झाले. अजूनही आठवड्यातून एखादी रात्र मोडते, त्या रात्री मी वही उघडून वेळ लिहिते, आणि पुढच्या भेटीला ती वही सोबत घेऊन जाते.

आपली,
एक पेशंट